सिल्व्हरब्लू रोजच्या लॅपटॉपवर टाकावं का? आधी टेबलावरचा प्रिंटर बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बरीच वर्षं लिनक्स मिंट वापरताय, काम भाषांतराचं, म्हणजे दिवसभर मराठी टायपिंग, जोडीला थोडं पायथन. घरात एक जुना लेसर प्रिंटर आहे. त्याच लॅपटॉपवर तुमच्या पत्नी जीएसटीची विवरणपत्रं भरतात. मोठं अपडेट आलं की काही ना काही मोडतं, म्हणून फेडोरा सिल्व्हरब्लूसारखी इम्युटेबल सिस्टीम, म्हणजे जिच्या मुख्य फाइली चालू असताना बदलता येत नाहीत असं लिनक्स, टाकायचा विचार आहे. पण हे प्रोग्रामर मंडळींचं काम आहे, आपल्याला झेपेल का, अशी धास्ती वाटते.

झेपेल. तुम्ही सांगितलेल्या कामांपैकी टायपिंग, लेखन, ब्राउझर, पायथन यातलं काहीही अडणार नाही. अडलाच तर प्रिंटर अडेल आणि जीएसटीसाठी डिजिटल सहीचं टोकन लागत असेल तर ते अडेल. मी लोकांच्या मशीनवर हे बसवून देतो आणि नंतर त्यांचे फोनही मलाच येतात. त्या अनुभवावरून सांगतो, माणूस किती जाणकार आहे यावरून या सिस्टीमचं जमणं-न जमणं ठरताना मी क्वचितच पाहिलंय. ज्या वस्तूला स्वतःचा खास ड्रायव्हर लागतो ती वस्तू घरात आहे की नाही, यावर बहुतेक सगळं ठरतं.

कारण समजायला आतली रचना थोडी बघावी लागेल. मिंटमध्ये अपडेट आलं की चालू सिस्टीमच्याच फाइली एकेक करून बदलल्या जातात. निम्म्या बदलल्या आणि वीज गेली, तर निम्मी जुनी, निम्मी नवी अशी सिस्टीम हाती उरते. सिल्व्हरब्लूमध्ये 'यूएसआर' हा फोल्डर, म्हणजे जवळजवळ सगळी सिस्टीम, फक्त वाचण्यापुरता उघडा असतो. खाली ओएसट्री नावाची यंत्रणा प्रत्येक फाइल तिच्या चेकसमनुसार, म्हणजे मजकुरावरून काढलेल्या ओळखक्रमांकानुसार, एका कोठारात ठेवते. अपडेट आलं की बदललेल्या फाइलीच उतरवते आणि त्यातून सिस्टीमची नवी पूर्ण प्रत जुनीच्या शेजारी उभी करते. दोन्ही प्रतींत सारख्या असलेल्या फाइली डिस्कवर एकदाच असतात, त्यामुळे जागा दुप्पट लागत नाही. तुम्ही काम करत असता तेव्हा जुनी प्रत जशीच्या तशी चालू असते. लॅपटॉप नीट बंद केला की त्या क्षणी नव्या प्रतीची बूट-नोंद लिहिली जाते आणि पुढच्या वेळी ती सुरू होते.

आपल्याकडे याचं मोल वीज जाते तेव्हा कळतं. डाउनलोड चालू असताना लाइट गेली, बॅटरी मेली, काहीही झालं तरी जुनी प्रत शाबूत असते. बटण दाबून धरून लॅपटॉप बंद करायची सवय असेल तर मात्र एक गंमत होते: तयार झालेलं अपडेट लागतच नाही, कारण ते लागण्याची वेळ नीट बंद होण्याची असते. बिघडत काहीच नाही, पण "रोज अपडेट करतो तरी जुनंच दिसतं" अशी तक्रार घेऊन जे येतात, त्यांच्याकडे बहुधा हेच निघतं.

नवी प्रत बिनसली तर सुरू होताना एस्केप दाबून मेनू उघडायचा आणि आधीची प्रत निवडायची. ती बरी वाटली तर टर्मिनलमध्ये 'आरपीएम-ओएसट्री रोलबॅक' दिलं की तीच कायम. इथे एक लक्षात ठेवा: क्रोमबुकमध्ये नवी प्रत सुरूच झाली नाही तर मशीन आपोआप जुनीकडे वळतं. सिल्व्हरब्लूमध्ये ते वळण तुम्हाला स्वतः घ्यावं लागतं. घरातल्या इतरांनाही तो मेनू एकदा दाखवून ठेवा. तुम्ही गावाला असताना फोनवरून "आता वरून दुसरी ओळ निवड" सांगता आलं पाहिजे.

ही कल्पना काही कालची नाही. क्रोमबुक 2011 पासून याच धर्तीवर चालतात. तुमच्या अँड्रॉइड फोनमध्ये 7.0 पासून दोन कप्प्यांची अपडेट-पद्धत आली. मॅकओएसने 2019 च्या कॅटालिनापासून सिस्टीमचा भाग वाचण्यापुरता केला. स्टीम डेक या हातात धरायच्या गेमिंग यंत्रावर 2022 पासून लाखो लोक आर्च नावाच्या लिनक्सवर बेतलेली अशीच सिस्टीम वापरतात आणि त्यातल्या बहुतेकांना ते ठाऊकही नसतं. फेडोरात सिल्व्हरब्लू हे नाव 2018 मध्ये आलं. केडीई हा डेस्कटॉप आवडत असेल तर किनोआइट आहे, ते 2021 च्या फेडोरा 35 पासून. मिंटच्या सिनॅमन डेस्कटॉपची सवय असलेल्याला मी बहुधा किनोआइटच सुचवतो. खाली टास्कबार, डावीकडे मेनू, मन रमतं. आतली यंत्रणा तीच.

आता सॉफ्टवेअर कुठे टाकायचं ते. मिंटवरून आलेला माणूस सगळ्यात जास्त इथेच चुकतो. 'आरपीएम-ओएसट्री इन्स्टॉल' अशी आज्ञा दिसते, ती मिंटमधल्या 'एपीटी' आज्ञेसारखी वाटते आणि तो तिने भराभर पॅकेजं चढवत सुटतो. याला लेयरिंग म्हणतात. चालतं, पण प्रत्येक अपडेटला ती सगळी पॅकेजं तुमच्या मशीनवर नव्याने चढवली जातात. अपडेट रेंगाळतं. त्यातलं एखादं पॅकेज बाहेरच्या भांडारातलं, उदाहरणार्थ आरपीएम फ्यूजनमधलं असेल आणि ते फेडोराच्या दोन दिवस मागे पडलं असेल, तर अख्खं अपडेट अडतं. सिस्टीम मोडत नाही, एवढंच समाधान. माझा नियम असा की लेयरिंग फक्त त्याचंच करायचं जे हार्डवेअरशी किंवा लॉगिनच्या आधीच्या गोष्टींशी जोडलेलं आहे. हाताच्या बोटांवर मोजता येईल इतकंच.

बाकी खिडकीत उघडणारं सगळं फ्लॅटपॅकमधून, म्हणजे सिस्टीमला हात न लावता बसणाऱ्या स्वतंत्र गाठोड्यांतून, आणि तेही फ्लॅटहब या त्यांच्या मोठ्या ऑनलाइन भांडारावरून. फेडोराचं स्वतःचं फ्लॅटपॅक भांडारही असतं आणि सॉफ्टवेअर केंद्रात कधीकधी तेच आधी पुढे येतं. पेटंटच्या अडचणींमुळे तिथल्या अ‍ॅपांत सगळे व्हिडिओ कोडेक (व्हिडिओ चालवायला लागणारे तुकडे) नसतात, म्हणून इन्स्टॉल करताना स्रोत फ्लॅटहब आहे ना ते बघा. सिस्टीमसोबत येणाऱ्या फायरफॉक्सचीही तीच रड आहे. मी फ्लॅटहबचा फायरफॉक्स टाकतो आणि सोबत आलेला 'ओव्हरराइड रिमूव्ह' ही आज्ञा देऊन बाजूला करतो. एकाच नावाची दोन चिन्हं मेनूत राहिली की घरच्यांचा गोंधळ होतो, बुकमार्क एकीकडे आणि पासवर्ड दुसरीकडे.

फ्लॅटपॅकमधली अ‍ॅप एका कुंपणात चालतात. फाइल उघडायच्या खिडकीतून तुम्ही जी फाइल निवडता ती त्यांना दिसते, शेजारची दिसेलच असं नाही. भाषांतराच्या कामात याचा त्रास नेमका कुठे होतो सांगतो. ओमेगाटीसारखं सॉफ्टवेअर एकेक फाइल न उघडता अख्खा प्रकल्प-फोल्डर वाचतं. तो फोल्डर बाहेरच्या हार्डडिस्कवर असेल तर अ‍ॅपला परवानगी द्यावी लागू शकते. फ्लॅटसील नावाचं छोटं अ‍ॅप टाका, त्यात प्रत्येक अ‍ॅपपुढे खटके असतात, हवा तो फोल्डर जोडून द्या. दुसरी खोड म्हणजे पासवर्ड राखणाऱ्या कीपासएक्ससीसारख्या अ‍ॅपचं फ्लॅटपॅकच्या ब्राउझरशी थेट बोलणं होत नाही. त्यावर उतारे आहेत, पण ब्राउझरच्या आत राहणारा पासवर्ड-व्यवस्थापक घेतला तर डोकेदुखीच नको.

मराठी टायपिंगची काळजी सोडा. नोम (सिल्व्हरब्लूचा डेस्कटॉप) किंवा केडीईच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये मराठी शोधलंत की दोन जातींच्या मांडण्या मिळतात. एक आयबस या टायपिंगच्या सॉफ्टवेअरमधून येणारी, तिच्यात उच्चारानुसार रोमन अक्षरं टाइप करून देवनागरी उमटते. दुसरी थेट कीबोर्डच्या पातळीवरची: सुधारित इनस्क्रिप्ट किंवा कगप. रोज हजारो शब्द बडवायचे असतील तर दुसरी घ्या. आयबस हा मधला दलाल आहे आणि काही अ‍ॅपांत, विशेषतः इलेक्ट्रॉन या वेबच्या साच्यावर बांधलेल्या, वेलँड या पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या यंत्रणेखाली तो कधीकधी रुसतो. थेट मांडणीला मध्ये कुणी नसल्याने ती फ्लॅटपॅक असो, कंटेनर (सिस्टीमपासून वेगळी खोली, पुढे येते ती) असो, सगळीकडे सारखी चालते. फॉन्टसाठी सिस्टीमला हात लावायची गरजच नाही. होम फोल्डरमध्ये 'डॉट-लोकल', त्यात 'शेअर', त्यात 'फॉन्ट्स' असा फोल्डर करून त्यात फाइली टाका, फ्लॅटपॅकच्या अ‍ॅपांनाही त्या दिसतात. एखादा प्रकाशक अजून युनिकोडच्या आधीच्या जुन्या फॉन्टातलं टंकन पाठवत असेल तर तेही फॉन्ट तिथेच टाका.

पायथनसाठी डिस्ट्रोबॉक्स. तुमच्या होम फोल्डरला जोडलेली पण सिस्टीमपासून वेगळी अशी उबंटूची किंवा डेबियनची एक खोली तो करून देतो. मिंटमधली 'एपीटी'ची सगळी सवय तिथे वापरा, हवं ते टाका, बिघडलं तर खोली पाडून नवी बांधा. आतलं एखादं खिडकीचं अ‍ॅप बाहेरच्या मेनूत आणून ठेवता येतं. सिल्व्हरब्लूमध्ये आधीपासून टूलबॉक्स नावाचं त्याचंच साधं भावंड असतं, पण त्यात रमू नका, डिस्ट्रोबॉक्स अधिक सोयीचा. एकच ताकीद: होम फोल्डर सामायिक आहे. खोलीत बसून घरातल्या फाइली पुसल्यात तर त्या खऱ्याच पुसल्या जातात.

आता प्रिंटर. तुम्ही मॉडेल लिहिलेलं नाही आणि मला सगळ्यात आधी तेच हवंय. गेल्या काही वर्षांतला वायफायवाला प्रिंटर असेल, ज्यावर फोनमधून थेट छापता येतं, तर त्याला ड्रायव्हरच लागत नाही. तो आयपीपी नावाच्या प्रमाणित भाषेत बोलतो आणि सिल्व्हरब्लू त्याला स्वतःहून ओळखतं. स्कॅनरचंही बहुधा तसंच. पण आपल्या घरांत आणि छोट्या ऑफिसांत अजून दोन जुने खांब उभे आहेत: एचपी लेसरजेट 1020 आणि कॅनन एलबीपी 2900. टोनर स्वस्तात भरून मिळतो, दुरुस्ती कोपऱ्यावर होते, म्हणून कुणी ते टाकत नाही, आणि बरोबरच आहे. 1020 ची अडचण अशी की सुरू होताना दर वेळी त्याला संगणकाकडून फर्मवेअर पाजावं लागतं. ते देणारं एचपीचं प्लगिन वेगळं उतरवावं लागतं आणि ते आपल्या फाइली 'यूएसआर'मध्येच ठेवायला जातं. तो फोल्डर बंद. झालं. कॅननच्या 2900 ला कॅप्ट नावाचा बंदिस्त ड्रायव्हर लागतो, तोही तिथेच घुसू पाहतो आणि त्याच्या बसवण्याच्या स्क्रिप्टा चालू सिस्टीम गृहीत धरून लिहिलेल्या असतात.

इथे नेटवर एक उपाय सापडतो: तात्पुरता 'यूएसआर' उघडून प्लगिन टाकायचं. तसं करता येतं, छापूनही येतं, आणि लॅपटॉप बंद केला की ते सगळं नाहीसं होतं. त्या वाटेला जाऊ नका. मी करतो ते असं: प्रिंटर लॅपटॉपपासून तोडायचा आणि एखाद्या रास्पबेरी पायला (तळहाताएवढा संगणक) किंवा माळ्यावरच्या जुन्या संगणकाला जोडायचा. त्यावर साधं डेबियन लिनक्स आणि कप्स हे छपाई सांभाळणारं सॉफ्टवेअर. ड्रायव्हरची काय ती मारामारी तिथे एकदाच, आणि तीही मॉडेलनुसार: कॅननचा बंदिस्त ड्रायव्हर पायच्या प्रोसेसरवर चालायचा नाही, त्याला इंटेलवाला जुना संगणकच हवा. कप्सने तो प्रिंटर घरच्या वायफायवर वाटला की लॅपटॉपला तो नव्या, ड्रायव्हर न लागणाऱ्या प्रिंटरसारखा दिसतो. मुलांच्या फोनवरूनही छापता येतं, हा वरचा फायदा. जुना संगणक नसेल आणि आणायचाही नसेल, तर प्रामाणिकपणे सांगतो, मिंटवरच राहा. एका प्रिंटरसाठी सिस्टीमशी रोज भांडणं परवडत नाही.

जीएसटीचं काय, ते तुमच्या पत्नींचे अशील कोण यावर आहे. व्यक्तिगत मालकीच्या व्यवसायांना मोबाइलवरच्या ओटीपीने सही करता येते, म्हणजे नुसता ब्राउझर पुरतो. कंपनी किंवा एलएलपी असेल तर डिजिटल सहीचं यूएसबी टोकन लागतंच. त्या टोकनचा ड्रायव्हर आणि सहीचं सॉफ्टवेअर दोन्ही सिस्टीममध्ये हातपाय पसरणारं, आणि फ्लॅटपॅकच्या ब्राउझरपर्यंत टोकन सहजी पोहोचत नाही. महिन्याच्या 20 तारखेला, विवरणपत्राची मुदत डोक्यावर असताना हे सोडवत बसायचं काम नाही. टोकन असेल तर त्या कामाला वेगळं विंडोज मशीन ठेवा. व्हर्च्युअल मशीनमध्ये विंडोज टाकून टोकन तिकडे वळवताही येतं, मात्र ते आधी निवांत वेळी करून पाहा.

एनव्हिडियाचं कार्ड असेल तर शुद्ध सिल्व्हरब्लू घेऊच नका. ड्रायव्हर चढवता येतो, पण सिक्युअर बूट (सही असलेलंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) चालू ठेवून त्यावर सही करायची खटपट किचकट आहे. युनिव्हर्सल ब्लू नावाचा स्वयंसेवकांचा प्रकल्प फेडोराच्याच पायावर तयार प्रतिमा, म्हणजे थेट बसवता येणाऱ्या पूर्ण सिस्टीम, बनवतो: नोमवाली ब्लूफिन, केडीईवाली ऑरोरा, खेळणाऱ्यांसाठी बझाइट. त्यांच्या एनव्हिडिया आवृत्तीत ड्रायव्हर आधीच बसवलेला, सही केलेला येतो. पहिल्यांदा सुरू करताना एक चावी नोंदवायची, बस. कोडेक आणि डिस्ट्रोबॉक्सही आयते मिळतात. नव्या कर्नलशी, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याशी, ड्रायव्हर जुळला नाही तर प्रतिमा त्यांच्याकडेच बनत नाही, तुमच्या टेबलावर येऊन फुटत नाही. खरं सांगायचं तर एनव्हिडिया नसलं तरी बहुतेकांना मी ऑरोराच देतो. तोटा एकच: अपडेटचा डेटा जास्त. सिल्व्हरब्लू फक्त बदललेल्या फाइली ओढतं, या प्रतिमा थरांनी उतरतात आणि एकेका अपडेटला गीगाबाइटच्या हिशेबात जाऊ शकतात. फायबर असेल तर प्रश्न नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, दिवसाला दीड जीबीच्या पॅकवर चालवणार असाल तर सिल्व्हरब्लू किंवा किनोआइटच घ्या आणि आपोआप अपडेट बंद ठेवा.

मागे फिरण्याच्या सोयीबद्दल फार गैरसमज आहेत. मागे फिरते ती फक्त सिस्टीम. तुमच्या फाइली, अ‍ॅपांच्या सेटिंग, डेटाबेस हे सगळं 'होम' आणि 'व्हार' या फोल्डरांमध्ये असतं आणि ते जिथे आहे तिथेच राहतं. नव्या आवृत्तीने सेटिंगची फाइल नव्या पद्धतीने लिहिली असेल तर जुन्या प्रतीवर परतल्यावरही ती नवीच. चुकून पुसलेलं भाषांतर रोलबॅकने परत येत नाही. बॅकअप पूर्वीइतकाच लागतो. पिका बॅकअप हे फ्लॅटहबवरचं अ‍ॅप त्याला पुरेसं आहे. बूटलोडर, म्हणजे सिस्टीम सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम, हाही या यंत्रणेच्या बाहेरच होता. 2024 मध्ये जुन्या इन्स्टॉलेशनवर सिक्युअर बूट चालू असलेल्या कित्येकांची मशीन त्यामुळे अडली आणि बूटलोडर हाताने अद्ययावत करावा लागला. जुनं इन्स्टॉलेशन कुणाकडून वारसाने घेणार असाल तर त्यापेक्षा नव्याने टाका. आणि 'यूएसआर' बंद आहे म्हणजे व्हायरसपासून सुटका, असंही धरू नका. ब्राउझरमधून आलेला चोर तुमच्या होम फोल्डरमधलंच चोरतो, त्याला सिस्टीमशी कर्तव्य नसतं.

एका गोष्टीने घाबरू नका. फेडोरा 42 पासून या सिस्टीमच्या मुळाशी कंपोझएफएस हे फाइली मांडण्याचं नवं तंत्र आलं. त्यामुळे टर्मिनलमध्ये 'डीएफ' ही डिस्कवरची जागा दाखवणारी आज्ञा देऊन पाहिलंत तर मूळ विभाग 100 टक्के भरलेला दिसतो. तो तसाच दिसणार. खरी मोकळी जागा 'व्हार'समोरच्या ओळीत बघायची.

टाकायच्या आधी हे करा. यूएसबीवर फेडोराची लाइव्ह आवृत्ती घेऊन लॅपटॉप त्यावर सुरू करा: वायफाय, आवाज, कॅमेरा, झाकण बंद केल्यावर झोपणं. तिथे जे चालतं ते सिल्व्हरब्लूवरही चालेल. मग मिंटमध्ये असतानाच तुमची नेहमीची अ‍ॅप फ्लॅटहबवरून टाकून महिनाभर तीच वापरा. मिंटमध्ये फ्लॅटपॅक आधीपासून असतं, त्यामुळे कुंपणाचा त्रास होणार असेल तर तो घर न बदलता कळेल. मिंट ठेवून शेजारी हे टाकायचं असेल तर एकाच डिस्कवर विभागणी करत बसू नका, वेगळी एसएसडी लावा. इन्स्टॉल झाल्यावर सगळं मनासारखं लागलं की 'ओएसट्री अ‍ॅडमिन पिन 0' द्या. ती प्रत पुढच्या अपडेटांत पुसली जाणार नाही. दर सहा महिन्यांनी फेडोराची नवी आवृत्ती येते, तिच्यावर लगेच उडी मारायची गरज नाही. एका आवृत्तीला साधारण 13 महिने अपडेट मिळतात, तेव्हा महिना-दोन महिने थांबून गेलात तरी चालतं. नव्या आवृत्तीवर गेलात की जुनी पिन सोडून नवी लावा, कारण पिन साठत गेल्या तर बूटचा छोटा विभाग भरतो आणि पुढचं अपडेट तिथेच अडतं.

प्रिंटरचं मॉडेल आणि पत्नींकडे टोकन आहे की ओटीपीवर भागतं, एवढं कळवा. ग्राफिक्स कार्ड कुठलं तेही. मग कोणती प्रतिमा घ्यायची ते नेमकं सांगतो.